पंधराजणी

अर्धापूरच्या केळीच्या वखारीतून
आणल्या होत्या यांच्या खापरपणज्या,
बाटलीच्या तोंडाला मलमलीचा फडका बांधून,
काळ्या-पिवळीत मांडीवर धरून.
शेजारची बाई म्हणाली, यात तर काहीच नाही.
म्हटलं, उजेडाकडे धरून बघा.

आता एक्केचाळिसावी पिढी.

नांदेडला मे महिन्यात माणसाचं डोकं चालत नाही
तिथं माशांचं काय.
लाईट गेली की मी बाटल्यांवर ओलं पोतं टाकते.
पारा तिशीच्या वर फार दिवस राहिला
तर नर वांझ होतात.
हो, नर.
शेषाबाईंना हे सांगितलं तेव्हा
मक्याचं पीठ ढवळता ढवळता त्या थांबल्या,
"पुन्यांदा सांगा," म्हणाल्या,
आणि पातेल्यात गूळ जरा जास्तच पडला.

सकाळी सातला कुमारिका वेचायच्या.
कोषातून निघून आठ तास व्हायच्या आत,
अंग फिकट, पोटात अजून हिरवट ठिपका,
बारीक कुंचल्यानं इकडे माद्या, तिकडे नर.
कुरळ्या पंखांच्या ज्या, त्यांच्यात बदल एकाच प्रतीत.
त्या अंडी घालतात, पोरं होतात, वंश चालतो.
सरळ पंखांच्या ज्या,
त्यांना आईकडून तोच, बापाकडूनही तोच.
दिसायला ठणठणीत, चपळ,
नर एक पंख थरथरवत मागे मागे फिरतात.
अंडी मात्र
(मोजली मी, दोन हजार दोनशे अठरा)
आखूड,
वाक्य अर्ध्यात सोडावं तशी.
एकही उबलं नाही.

"उबत न्हाईत तर कामून सांभाळायल्या यांला, मॅडम?"
शेषाबाई सहज म्हणाल्या.
"आमच्याकडं अशीला ओटी भरायला बी बलवत न्हाईत."
मग बाटल्या धुवायला गेल्या.
नळ बराच वेळ चालू राहिला.

दोन सुयांनी पोट उघडते मी, मिठाच्या पाण्यात.
निळा रंग चढवते. खोली अंधारी करते.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार,
चाराच्या आठ, आठाच्या सोळा.
सोळातली एकच अंडं होते.
उरलेल्या पंधराजणी तिला भरवतात
बारक्या बारक्या कड्यांमधून,
आणि शेवटी एकदाच
होतं नव्हतं ते सगळं ओतून
मिटून जातात.
मी प्रबंधात 'पंधरा बहिणी' लिहिलं होतं.
टेकाळे सरांनी 'बहिणी' खोडून 'पोषक पेशी' केलं.
बरोबरच केलं.

माझ्या माद्यांत कड्या बुजलेल्या.
अंडं भुकेलं,
आणि पंधराजणी जागच्या जागी,
टपोऱ्या, निळ्या, काठोकाठ.
नाही म्हणाल्या त्या, असं लिहावंसं वाटलं होतं एका रात्री.
लिहिलं नाही.
पेशीला कसला नकार.
कुठंतरी एक अक्षर बदललंय,
त्यामुळे एक प्रथिन घडत नाही,
त्यामुळे वाट उघडत नाही.
एवढंच मला माहीत आहे.

परवा शेषाबाई म्हणाल्या, दावा तरी.
स्टूल ओढलं, चष्मा कपाळावर सारला,
एक डोळा मिटायला जमेना म्हणून
पदरानं झाकला.
खूप वेळ काही बोलल्या नाहीत.
पंखा बंद, घाम हनुवटीवरून टेबलावर.
मग म्हणाल्या,
"ह्या रिकाम्या कुठं हायेत?
ह्या तर भरल्यात."

रजिस्टरच्या शेवटच्या रकान्याला
कुणीतरी पूर्वी मथळा दिला आहे, 'वांझ: होय / नाही'.
मी तिथं लिहिते,
अंडी आखूड. पोषक पेशी भरलेल्या.
ओळ रकान्याबाहेर जाते.

बदलाला नाव द्यायचं अजून राहिलंय.
बाटली क्रमांक सात, कुरळ्या पंखांच्या,
आज रात्री अन्नावर पांढरे दाणे पेरतील.
दहा दिवसांनी माशा बाहेर येतील,
तीनात एक
सरळ पंखांची.